बॅगेतला निळा दिवा

बसनं बोलिंग क्लबाच्या कोपऱ्यावरून वळण घेतलं आणि सेफिनाला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिच्या घरात रविवारी दुपारी न जेवणं म्हणजे माणूस आजारी तरी असतं किंवा रुसलेलं तरी. त्या घराला 'काम आहे' अशी थाप मारून ती चर्चमधून परस्पर इकडे सटकली होती. निघताना मावशीनं नारळाच्या दुधात शिजवलेला तारो, अळूसारखा कंद, फॉइलमध्ये गुंडाळून बॅगेत कोंबला होता, तो आता आठवला. तिनं मांडीवरची बॅग उघडली. वर पितळी कप होता, अर्ध्या तासापूर्वी जिंकलेला. त्याच्याखाली चर्चच्या गाण्यांचं जाड पुस्तक. पुस्तक बाजूला केलं तर बॅगेच्या तळाशी निळा उजेड दिसला. गेम खेळायच्या काळ्या पॅडवरचा इवलासा दिवा लुकलुकत होता. ती बघत असतानाच तो विझला. तिनं पुस्तक पुन्हा होतं तसं ठेवलं. पुठ्ठ्याची कड बरोबर पॅडच्या मधल्या बटणावर टेकली आणि दिवा पुन्हा जागा झाला. बिनतारी पॅड आपलं मशीन शोधत होतं. खेळ थांबवायचं बटणही तेच, मधलं. सेफिनानं बॅग मिटली. भूक कुठल्या कुठे गेली.

म्हणजे सेमीसीनं काही दाबलंच नव्हतं. तिला ते सगळं पुन्हा दिसायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून ती खिडकीबाहेरच्या टायरच्या दुकानांकडे बघत राहिली, तरी दिसतच राहिलं. बोलिंग क्लबाचा वरचा हॉल, पडदे ओढलेले, चाळीसेक पोरं खुर्च्यांवर उलटी बसलेली. अंतिम सामना, दोघांनी दोन-दोन डाव जिंकलेले, शेवटच्या डावातल्या दोन फेऱ्या एकेकाच्या, आणि तिसरी फेरी अशी रंगलेली की पडद्यावरच्या दोन्ही गड्यांच्या अंगात फक्त केसाएवढा जीव उरलेला. एक फटका, मग तो कुणाचाही असो, आणि संपलं. तिचा गडी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. ती वाट बघत होती. सेमीसी घाबरला की उडी मारतो, हे तिला माहीत होतं. तो हवेत आला की खालून वर एकच ठोसा, जो ती अकरा वर्षांची असल्यापासून मारत आली होती. आणि नेमका तेव्हा खेळ गोठला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, दुसऱ्या खेळाडूनं विराम घेतला आहे. दुसऱ्या बाजूला सेमीसी बसला होता. हातात त्याचं बिनतारी पॅड. ह्या लोकांचा नियम सरळ आहे आणि सगळ्यांना पाठ आहे : चालू फेरीत ज्याच्या पॅडमुळे खेळ थांबेल, त्याची ती फेरी गेली. चुकून असो नाहीतर मुद्दाम.

"मी काही दाबलं नाही!" सेमीसी उठून उभा राहिला होता. बावीस वर्षांचा टोंगन पोरगा, दारातून आत यायला वाकावं लागेल असा, आणि आवाज एकदम लहान मुलाचा झालेला. "देवाशपथ सांगतो. माझा अंगठा तिथं नव्हताच!"

"मग काय भुतानं दाबलं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा हॉल फिस्सकन हसला. स्पर्धा भरवणाऱ्या विरेमूनं फक्त भिंतीकडे बोट दाखवलं, जिथं नियम लिहिलेला होता. सेमीसीनं तिच्याकडे बघितलं. "आंटी, देवाशपथ मी नाही दाबलं." आणि सेफिना काय म्हणाली? ती मोठ्या मनानं त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "असू दे रे, होतं असं कधी कधी." हे वाक्य आठवून बसमध्ये तिच्या कानशिलांना गरम वाफा यायला लागल्या. असू दे रे. तिनं त्याला खोटारडा ठरवला होता आणि वर माफही करून टाकला होता.

भिंतीवरचा तो नियम तिच्याच हातचा होता, हे तर अजूनच. चार वर्षांपूर्वी तिनंच जाड्या पेनानं पुठ्ठ्यावर लिहून लावला होता, आणि त्याच्याखाली ही सूचनाही : बिनतारी पॅड वापरून झालं की मशीनशी जोडणी तोडा, नाहीतर ते बॅगेत पडल्या पडल्या दुसऱ्याचा खेळ थांबवेल. ती कायम तारेच्या बाजूची. पोरांना ती हजारदा ऐकवायची की तार तोडून तुम्ही काय मिळवलं, सोफ्यावर लोळायची सोय? वस्तू चांगली चाललेली असते तोवर ह्या कंपन्यांना झोप लागत नाही. विकत घेतलेला खेळ दर महिन्याला बदलतात, आज जो ठोसा लागतो तो उद्या लागत नाही, आणि पैसे देऊनही आपल्या मालकीचं काही राहत नाही. पोरं म्हणायची, आली आंटीची गाडी तारेवर. ती स्वतः जुनी वजनदार स्टिक वापरायची, हॉलमध्येच ठेवलेली, दीड हात तारेची, जिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जायचा. आणि तरी गेल्या महिन्यात तिनं गुपचूप हे पॅड घेतलं होतं. विमानतळाजवळच्या शीतगृहात ती फोर्कलिफ्ट चालवते. उणे अठरा अंशांत सोळा वर्षं. डाव्या अंगठ्याचा सांधा आता सकाळी वळत नाही. स्टिक धरण्याआधी तो थोडा मोकळा करून घ्यावा लागतो, आणि त्याला हलकं पॅड बरं पडतं. आज कुणी यायच्या आत, हॉलमध्ये विरेमू पाठमोरा खुर्च्या लावत असताना, तिनं दुसऱ्या खेळाडूच्या जागी बसून दहा मिनिटं पॅडवर अंगठा मोकळा केला. पोरांची पावलं जिन्यावर वाजली तसं तिनं ते झटकन बॅगेत टाकलं. म्हातारी झालेली दिसू नये, एवढ्याचसाठी. जोडणी तोडायची राहिली. मग सामन्यात पाय लांब केला असेल, खुर्चीखालची बॅग कलंडली असेल, आणि देवाच्या पुस्तकानं बटण दाबलं असेल.

बसमध्ये समोर एक बाई पेंगत होती. तिच्या पायाशी कलिंगड होतं. कुणालाही काही माहीत नव्हतं. बटण दहा सेकंद दाबून धरलं की दिवा कायमचा विझणार, आणि मग ह्या जगात ही गोष्ट कुणालाच माहीत राहणार नाही. सेफिनानं बॅगेत हात घालून बटणावर अंगठा ठेवलाही. जागा एकच होती. अख्ख्या ऑकलंडमधून एकच माणूस सप्टेंबरमध्ये मेलबर्नला, दोन्ही देशांच्या स्पर्धेला जाणार. ती एकेचाळीस वर्षांची. पुढच्या वर्षी अंगठा कसा असेल, ते डॉक्टरनंही नीट सांगितलं नव्हतं. आणि जाऊन सांगितलं तर काय म्हणतील, तेही तिला पाठ होतं. बघा, बायकांना साधं पॅड सांभाळता येत नाही. वीस वर्षांत ती हरली तेव्हा ती बाई म्हणून हरली होती, आणि जिंकली तेव्हा समोरच्यानं बाई म्हणून सोडून दिलं होतं. एकदाही तिचा सरळ हिशोब झाला नव्हता. पहिल्या वर्षी एक दाढीवाला हरल्यावर हसत सगळ्यांना सांगत फिरला, अरे मी जरा हात राखून खेळलो, बरं दिसत नाही ना. ती पुढच्या आठवड्यात त्याच्याशी पुन्हा खेळली. हात राखलेल्या माणसाच्या कपाळावर असा घाम येत नाही. खेळाच्या दुकानात पोरगा तिला गुलाबी पॅड दाखवायचा. खेळातल्या बायका अंगावर रुमालाएवढं कापड घालून लढायच्या आणि पुरुष चिलखत घालून, आणि हे तिनं बोलून दाखवलं की हॉलमध्ये शांतता पसरायची, जणू ती जेवणाच्या ताटावर काही वाईट बोलली. घरून इंटरनेटवर खेळावं तर सर्व्हर सगळे सिडनीला. समुद्रापलीकडून फटका येईतो आपण मेलेलो असतो. म्हणून हॉल बरा. हॉलमध्ये माणूस शेजारी बसतं, त्याचा श्वास ऐकू येतो. हॉलमध्ये खोटं चालत नाही, असं ती नेहमी म्हणायची.

तिनं अंगठा उचलला. तिला आठवलं, ती अकरा वर्षांची होती, ओटारा वस्तीतल्या मासे-चिप्सच्या दुकानात, दुधाच्या क्रेटवर उभी. तळणीचा वास केसांत बसायचा आणि आई विचारायची, चर्चला अशी येणार का? त्या दुकानांत तेव्हा दाराजवळ गेमची मशीनं असायची, सगळे त्यांना स्पेसीज म्हणायचे. ह्या दुकानात एकच होतं, आणि त्याच्याभोवती अख्ख्या गल्लीतली पोरं. ती भाऊ आलेसानाबरोबर यायची, कारण एकटीला पाठवत नसत. आलेसाना चौदाचा. त्याच्यामागं पोरं फिरायची. खेळायला मात्र त्याला यायचं नाही. चौथ्या गड्यापाशी, तो मुखवटेवाला पैलवान, तो नेहमी मरायचा आणि मशीनला लाथ घालायचा. सेफिना तीन महिने फक्त मागं उभी राहून बघत होती. पैलवान कधी वाकतो, कधी उडतो, सगळं तिच्या डोळ्यांत बसलं होतं. एका शनिवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आलेसानानं चिप्सची वाट बघता बघता कंटाळून आपला डाव तिला दिला. तिनं पैलवानाला पाडलं. त्याच्यानंतरच्यालाही, मग त्याच्यानंतरच्यालाही, शेवटपर्यंत. मशीननं तीन अक्षरं मागितली आणि तिनं घातली : एस, ई, एफ. यादीत सगळ्यात वर.

मग पोरं आली. वरचं नाव बघून त्यांनी आलेसानाच्या पाठीत धपाटे घातले. काय रे, शेवटपर्यंत गेलास? आणि वर बहिणीचं नाव टाकलंस, काय लाड! सेफिना म्हणाली, मी खेळले. पोरं हसली. मग आता खेळून दाखव की. तिच्याकडे नाणं नव्हतं. आलेसानाच्या खिशात होतं, ते तिला दिसत होतं, खिशातली मूठ दिसत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग चिप्सकडे, आणि एक चिप उचलून तोंडात टाकली. तो खोटं बोलला नाही, हे तिला त्या वयातही कळलं होतं. तो फक्त काही बोलला नाही. संध्याकाळी दुकानदारानं मशीनचं बटण बंद केलं आणि यादी पुसली गेली, रोज जायची तशी. त्यानंतर आलेसाना चांगला भाऊ राहिला. तिच्या लग्नात रडला, तिचा घटस्फोट झाला तेव्हा ब्रिस्बेनहून विमानानं आला, बापाला शेवटच्या दिवसांत त्यानंच उचलून आंघोळ घातली. ही एवढीशी कबुली मागायला तिला लाज वाटायची. पण 'बाई म्हणून सोडून दिलं' असं कुणी म्हटलं की तिला ती चिप आठवायची. आणि आज तिनं स्वतः पितळी कप घेऊन, हसून, सेमीसीच्या खांद्यावर थोपटलं होतं.

तिनं घंटी दाबली. पेंगणारी बाई दचकून जागी झाली. "इथं काही नाहीये," ड्रायव्हर म्हणाला, "स्टॉप पुढं आहे."

"मला मागं जायचंय."

"मग पुढं कशाला आलात?" त्यानं दार उघडलं. सेफिना उतरली आणि उन्हातून उलट चालायला लागली. वीस मिनिटांचं अंतर. बॅग खांद्याला लागत होती. आता दिवा विझवायचाच नाही, असं तिनं ठरवलं. तो जसा आहे तसा त्यांना दाखवायचा. चालताना भीती वाटत होती, खूपच वाटत होती, पण पाय थांबले नाहीत. क्लबाच्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी चेंडू घरंगळवत होती. त्यांच्यातल्या एकानं टोपी उचलून तिला विचारलं, जिंकलीस का ग पोरी? तिनं ऐकू न आल्यासारखं केलं आणि जिना चढली.

हॉलमध्ये दहा-बारा जण उरले होते. विरेमू तारा गुंडाळत होता. तो शाळेत शिपाई आहे, तिच्याच वयाचा, आणि दहा वर्षं हे सगळं खांद्यावर वाहतोय. सेमीसी कोपऱ्यात एकटा खुर्च्या रचत होता. हरलेल्यानं खुर्च्या रचायच्या असा काही नियम नाही. तो कुणाशी बोलत नव्हता, एवढंच.

"काय विसरलीस?" विरेमूनं विचारलं.

सेफिनानं कप टेबलावर ठेवला. मग पुस्तक. मग पॅड. "जोडणी तोडायची विसरले. तुम्ही सगळे यायच्या आत ह्याच्यावर हात मोकळा केला, दुसऱ्या खेळाडूच्या बाजूनं. ते बॅगेत जागं होतं. सेमीसीनं काही दाबलं नव्हतं. मी दाबलं. म्हणजे ह्या पुस्तकानं दाबलं, पण पुस्तक माझं." तिनं पुठ्ठा बटणावर टेकवला. टेबलावरचं मशीन अजून चालू होतं. पडदा उजळला आणि त्यावर तीच मोठी अक्षरं आली. कुणीतरी हळूच शिट्टी वाजवली. सेमीसीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

विरेमूनं डोकं खाजवलं. "अग पण आता सगळं लिहून पाठवलंय मी. आणि तू काही मुद्दाम केलं नाहीस. एक काम करू, ती फेरी पुन्हा खेळा दोघं. जिंकेल तो जाईल. बरोबर ना रे, पोरांनो?"

"हो, पुन्हा खेळा!" पोरं म्हणाली. "आंटीसाठी चालतंय!"

"आंटीसाठी का?" सेफिनानं विचारलं. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "तासाभरापूर्वी ह्याच्यासाठी चाललं नाही. हा शपथा घेत होता आणि तुम्ही हसत होतात. मीही त्यातलीच. ह्याला नियम आणि मला सवलत, असं का? मी बाई म्हणून, की केस पिकले म्हणून? वीस वर्षं मला सांगितलं जातंय की कुणीतरी माझ्यासाठी हात राखला. आज तरी राखू नका. विरेमू, ती पाटी मी लिहिलीय. वाच."

विरेमूनं पाटी वाचली नाही. त्याला पाठ होती. तो म्हणाला, "मेलबर्न जाईल तुझं."

"माहीत आहे मला. तेवढं गणित येतं."

मग सेमीसीनं खुर्ची खाली ठेवली आणि तो टेबलापाशी आला. तिला वाटलं, आता हा म्हणणार, राहू द्या आंटी, पुन्हा खेळू. मोठ्या माणसांचा मान राखायला ह्या पोरांना घरातच शिकवलेलं असतं. आणि त्यानं तसं म्हटलं तर आपण काय करू, ह्याची तिला खात्री नव्हती. सेमीसीनं कप उचलला.

"मी घेतो हा," तो म्हणाला. "नियम तो नियम. आणि मी दोनदा शपथ घेतली होती."

"घे," सेफिना म्हणाली. मेलबर्न हातातून गेलं, आणि त्याच वेळी तिला एवढं बरं वाटलं की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडून काहीतरी पुरतं जिंकून घेतलं होतं. "एक सांग मला. उडी मारणार होतास ना?"

"कधी?"

"थांबलं तेव्हा."

सेमीसी ओशाळं हसला. "नाही. तुम्ही खाली बसून वाटच बघताय, हे दिसत होतं मला. तीन वर्षं मार खातोय त्या ठोशाचा, शिकणार नाही होय? मी उडायचं नाटक करून खाली वाकणार आणि तुमच्या गड्याचा पाय काढणार होतो."

तिनं मनात ती फेरी पुढे खेळून बघितली. तो वाकला असता, तिनं ठोसा मारला असता, तो रिकामा गेला असता. मग पाय. कदाचित. कदाचित तिनं तेही ओळखलं असतं. "पुढच्या रविवारी काढ पाय," ती म्हणाली. "बघते मी."

"या तुम्ही. पण ते पॅड घरी ठेवून या, आंटी."

"पॅड घेऊन येणार. अंगठा दुखतो माझा. समोरासमोर बसून वापरीन आणि तुझ्यादेखत जोडणी तोडीन." हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग तिनं बटण दहा सेकंद दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत, आणि पुस्तक बॅगेत टाकून ती निघाली.

बसस्टॉपवर बसून तिनं तारो खाल्ला. गार झाला होता, पण तिनं फॉइल पुसून खाल्ला. मेलबर्नचं दुःख आता आलं, सावकाश, आणि ती ते गिळत राहिली. शेजारी दुपारचं ऊन बाकावर पसरलं होतं. मग तिनं हात पुसले आणि ब्रिस्बेनला फोन लावला. मागं ताटांचा आणि मुलांचा गलका ऐकू येत होता. तिकडेही रविवारच होता.

"सेफी! जेवलीस का?" आलेसाना म्हणाला. "मावशीचा फोन आला होता, म्हणाली पोरगी जेवायला थांबली नाही. कुठं होतीस?"

"खेळायला गेले होते. हरले."

"अजून खेळतेस तू ते? चाळिशी उलटली बाई तुझी."

"आलेसाना, ओटाराचं ते मासे-चिप्सचं दुकान आठवतं तुला? मशीन होतं दाराजवळ."

"हां. आता तिथं मोबाइलवाला बसतो म्हणे."

"एका शनिवारी यादीत वर माझं नाव होतं. पोरं म्हणाली तू खेळलास. तू काही बोलला नाहीस. आता सांग."

तिकडे गलका होता तसाच होता. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं. तो बाहेर आला असावा.

"सांगू कुणाला आता?" तो म्हणाला. "त्यातले दोघं तर मेलेही."

"मला सांग."

ती थांबली. बस येताना दिसत होती. तिनं हात केला नाही. बस पुढे निघून गेली.

"तू खेळलीस," आलेसाना म्हणाला. त्याचा आवाज चौदाचा झाला होता. "सगळं तूच खेळलीस. मला त्या मुखवटेवाल्या पैलवानापुढं कधी जाताच आलं नाही."